विश्लेषण : कोडच्या कॉमेंटमध्ये ‘डबल’चा ‘डी’ लहान की मोठा?

मराठीत अक्षर लहान-मोठे नसते. ‘वर्धा’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला काय किंवा मध्ये आला काय, ‘व’ तोच राहतो. इंग्रजीत तसे नाही आणि इंग्रजी लिपीवर उभ्या असलेल्या संगणकाच्या भाषांत तर मुळीच नाही. तिथे पहिले अक्षर कॅपिटल की स्मॉल, यावरून शब्दाचा अर्थ बदलतो. प्रत्यक्ष कोडमध्ये ही चूक झाली तर बहुतेक वेळा संगणक लगेच लाल रेघ ओढतो. पण कोडशेजारी माणसांसाठी लिहिलेल्या माहितीत, म्हणजे कॉमेंटमध्ये, तीच चूक झाली तर संगणक चकार शब्द काढत नाही. ती चूक पुढच्या प्रोग्रामरच्या हाती जाते, कधी कधी काही वर्षांनी. वर्धा, सेवाग्रामसारख्या ठिकाणी मराठी माध्यमातून शिकून अभियांत्रिकीला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

डॉक कॉमेंट म्हणजे काय?

प्रोग्राममध्ये काही ओळी संगणकासाठी असतात, काही माणसांसाठी. माणसांसाठीच्या ओळींना कॉमेंट म्हणतात. संगणक त्या वाचतच नाही, ओलांडून पुढे जातो. त्यातही एक खास प्रकार आहे डॉक्युमेंटेशन कॉमेंटचा, थोडक्यात डॉक कॉमेंटचा. एखादे फंक्शन काय करते, त्याला कोणती माहिती द्यायची, ते काय परत देते आणि ती माहिती कोणत्या प्रकारची, म्हणजे कोणत्या ‘टाइप’ची, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. जावामधील जावाडॉक, जावास्क्रिप्टमधील जेएसडॉक, पायथॉनमधील डॉकस्ट्रिंग ही याचीच रूपे. या कॉमेंटमधून पुढे आपोआप माहितीपुस्तिका तयार होते. दुसऱ्या गावात, दुसऱ्या कंपनीत बसलेला प्रोग्रामर मूळ कोड न उघडता ती पुस्तिका वाचून आपले काम करतो. त्याच्यासाठी तीच सातबारा.

आकडा, अक्षरांची ओळ, होय-नाही असे काही टाइप भाषेतच तयार मिळतात. त्यांना बिल्ट-इन टाइप म्हणतात: इंट, डबल, बूलियन, स्ट्रिंग इत्यादी. डॉक कॉमेंटमध्ये ही नावे सतत येतात आणि घोळ सुरू होतो तो यांच्या पहिल्या अक्षरापासून.

एका अक्षराने काय बिघडते?

जावा या भाषेचे उदाहरण घेऊ. तिच्यात आठ मूलभूत टाइप आहेत आणि त्यांची नावे स्मॉल अक्षराने सुरू होतात. या प्रत्येकाला एक जोडीदार आहे, तो कॅपिटल अक्षराने सुरू होतो. इंट आणि कॅर यांच्या जोडीदारांची नावे तरी वेगळी आहेत: इंटिजर आणि कॅरेक्टर. उरलेल्या सहा जोड्यांत, म्हणजे बाइट, शॉर्ट, लाँग, फ्लोट, डबल आणि बूलियन यांत, फरक फक्त पहिल्या अक्षराचा. स्मॉल डीचा डबल आणि कॅपिटल डीचा डबल. बोलताना दोन्ही सारखेच. देवनागरीत लिहितानाही सारखेच. म्हणून या लेखात प्रत्येक वेळी ‘स्मॉल डी’, ‘कॅपिटल डी’ असे फोड करून सांगावे लागत आहे.

दोघांत मुख्य फरक असा की स्मॉल डीचा डबल कधीही रिकामा राहू शकत नाही. एखाद्या नोंदीतील रकाना त्या टाइपचा असला आणि त्यात काही भरले नाही, तर जावा तिथे स्वतःहून शून्य ठेवते. कॅपिटल डीच्या डबलमध्ये मात्र ‘अजून काहीच नाही’ ही अवस्था असू शकते. तिला नल म्हणतात. शून्य आणि नल यांत किती अंतर आहे, हे कापूस बाजारात उभे राहिले की चांगले कळते.

समजा, हिंगणघाटसारख्या कापूस बाजारासाठी वजनकाट्याचा प्रोग्राम लिहायचा आहे. कापसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढते. माल उतरला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. भरल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की निव्वळ कापूस मिळतो. भरलेली गाडी ४२ क्विंटल, रिकामी १८ क्विंटल, तर कापूस २४ क्विंटल. हिशेब तिसरीतले पोरही करील. अडचण आहे ती मधल्या वेळेची. गाडी भरलेली मोजून झाली आहे, पण माल अजून उतरायचा आहे. या वेळी रिकाम्या वजनाच्या रकान्यात काय आहे?

तो रकाना स्मॉल डीच्या डबलचा असेल तर तिथे शून्य आहे. कॅपिटल डीच्या डबलचा असेल तर तिथे नल आहे, म्हणजे वजन व्हायचेच आहे.

आता असे धरू, की कोडमध्ये स्मॉल डी आहे, पण डॉक कॉमेंट लिहिणाऱ्याने नाव छान दिसावे म्हणून किंवा नुसत्या सवयीने कॅपिटल डी लिहिला. पावती दाखवणारे मोबाइल ॲप दुसऱ्याच कोणी बनवले. त्याने मूळ कोड पाहिलेला नाही; फक्त माहितीपुस्तिका वाचली. कॅपिटल डी पाहून त्याने योग्य तोच अर्थ काढला: वजन झाले नसेल तर रकाना रिकामा येईल. म्हणून त्याने लिहिले, की रकाना रिकामा असेल तर पावती करू नये. पण रकाना रिकामा कधी येतच नाही, शून्य येते. ॲप ४२ मधून शून्य वजा करते आणि ४२ क्विंटल कापसाची पावती तयार होते. गाडीसुद्धा कापसाच्या भावाने विकली जाते.

उलटही होते. कोडमध्ये कॅपिटल डी आहे आणि कॉमेंटमध्ये स्मॉल. त्याच प्रोग्रामवर पुढे काम करणाऱ्याने कॉमेंट वाचून ठरवले, की रकाना रिकामा असण्याचा प्रश्नच नाही. त्याने थेट वजाबाकी केली. २००४ मध्ये आलेल्या जावाच्या पाचव्या आवृत्तीपासून हे दोन टाइप एकमेकांत आपोआप बदलतात, त्यामुळे कोड विनातक्रार चालू होतो. पहिली अर्धवट नोंद समोर आली, की नलमधून आकडा काढता येत नाही म्हणून प्रोग्राम तिथेच थांबतो. काट्यामागे गाड्यांची रांग लागते.

यावर एक आक्षेप योग्य आहे. जावाडॉकने तयार होणाऱ्या पुस्तिकेत फंक्शनची मूळ ओळही छापलेली असते, तिच्यात खरा टाइप दिसतो. मग कॉमेंटमधल्या चुकीला कोण विचारतो? पण एकाच पानावर वर एक आणि खाली दुसरे लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याने कोणते खरे मानायचे? बरेच जण वाक्य वाचतात, ओळ नाही.

१२८वी गाडी का अडते?

याच प्रोग्राममध्ये प्रत्येक गाडीला टोकन क्रमांक दिला आहे असे धरू. फाटकावर दिलेले टोकन आणि काट्यावर आलेले टोकन एकच आहे का, हे पाहायचे आहे. कॉमेंटमध्ये लिहिले आहे स्मॉल एलचा लाँग. प्रोग्रामरने दोन आकड्यांची तुलना करण्यासाठी नेहमीची दोन बरोबरची चिन्हे वापरली. स्मॉल एलच्या लाँगसाठी हे अगदी बरोबर आहे.

प्रत्यक्षात टाइप आहे कॅपिटल एलचा. तिथे दोन बरोबरची चिन्हे आकडे सारखे आहेत का हे विचारत नाहीत. दोन्ही बाजूंची वस्तू एकच आहे का, हे विचारतात. दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर तोच आकडा असला तरी चिठ्ठ्या दोनच. गंमत पुढे आहे. जागा वाचवण्यासाठी जावा उणे १२८ ते १२७ या दरम्यानच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या आधीच तयार ठेवते आणि पुन्हा पुन्हा त्याच वापरते. त्यामुळे १ ते १२७ क्रमांकांच्या गाड्यांची टोकने व्यवस्थित जुळतात. १२८व्या गाडीला प्रोग्राम सांगतो, टोकन जुळत नाही.

चाचणी घेताना कोणी १२८ गाड्या उभ्या करत नाही. दहा-वीस आकडे टाकून पाहिले, सगळे जुळले, काम संपले. चूक उघडी पडते ती हंगाम भरात आल्यावर. तेव्हा कॉमेंट लिहिणारा आणि प्रोग्राम चालवणारा यांची गाठ पडण्याची शक्यता कमीच.

सगळ्या भाषांचा नियम एक का नाही?

कारण प्रत्येक भाषा वेगळ्या घरात वाढली. सी या भाषेने इंट, कॅर, फ्लोट ही नावे स्मॉल अक्षरांत ठेवली. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावाने ती तशीच घेतली, पण ‘क्लास’ या घटकाचे नाव कॅपिटल अक्षराने सुरू करण्याचा संकेत पाळला. जावात अक्षरांची ओळ, म्हणजे स्ट्रिंग, हा क्लास आहे. म्हणून तिथे इंटचा आय स्मॉल आणि स्ट्रिंगचा एस कॅपिटल. नवशिक्याला हे दोन्ही शेजारी शेजारी दिसते आणि कारण कोणी सांगत नाही. मग तो पाठ करतो.

सी शार्पमध्ये गेले की आणखी वेगळे. तिथे स्मॉल एसचा स्ट्रिंग हे कॅपिटल एसच्या स्ट्रिंगचेच दुसरे नाव आहे, अर्थात काडीचा फरक नाही. तरी मायक्रोसॉफ्टची शिफारस स्मॉल अक्षराचे, भाषेतले नाव वापरण्याची आहे, सगळीकडे एकसारखे दिसावे म्हणून.

जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा फरक आहे आणि तो चांगलाच तिरका आहे. स्मॉल बीचा बूलियन म्हणजे साधे होय किंवा नाही. कॅपिटल बीचा बूलियन वापरून नवी वस्तू बनवली आणि तिच्यात ‘नाही’ भरले, तरी अट तपासताना ती ‘होय’ ठरते. कारण डबी रिकामी नाही एवढेच भाषा पाहते. जावास्क्रिप्टवरच बेतलेल्या टाइपस्क्रिप्टच्या अधिकृत मार्गदर्शनात म्हणूनच कॅपिटल अक्षराचे स्ट्रिंग, नंबर, बूलियन हे टाइप कधीही वापरू नयेत, असे बजावले आहे. जावास्क्रिप्टमध्ये टाइप सांगण्याची जागा पुष्कळदा फक्त डॉक कॉमेंट हीच असते. जावात निदान मूळ ओळ साक्षीला असते, इथे तीही नसते.

पायथॉनमध्ये स्ट्र, इंट, लिस्ट, डिक्ट ही सगळी नावे स्मॉल; पण ट्रू, फॉल्स आणि नन ही कॅपिटल अक्षराने सुरू होतात. त्यात २०१५ मध्ये टाइप लिहिण्यासाठी कॅपिटल एलचा वेगळा लिस्ट आला आणि २०२० मध्ये पायथॉन ३.९ ने स्मॉल एलच्याच लिस्टने ते काम होईल अशी सोय केली. त्यामुळे पाच वर्षांतली पुस्तके एक लिहितात आणि नंतरची दुसरे.

अँड्रॉइड ॲपसाठी वापरल्या जाणाऱ्या कॉटलिनमध्ये आणि आयफोनच्या स्विफ्टमध्ये इंटसुद्धा कॅपिटल आयने सुरू होतो. कॉलेजात जावा शिकून पहिल्या नोकरीत कॉटलिनवर गेलेल्या मुलाच्या कॉमेंटमध्ये जुना स्मॉल आय हमखास डोकावतो.

कॅपिटल इतके महत्त्वाचे केव्हा झाले?

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. १९५७ मध्ये आलेली फोर्ट्रान ही भाषा पंचकार्डावर लिहिली जाई आणि तिथे सगळी अक्षरे कॅपिटलच असत. तिचे नावही इंग्रजीत पूर्ण कॅपिटल अक्षरांत लिहीत. फोर्ट्रान ९० पासून फक्त पहिले अक्षर कॅपिटल राहिले. अक्षरांना आकडे देणारा ॲस्की हा संकेत १९६३ मध्ये ठरला तेव्हा त्यात स्मॉल अक्षरे नव्हती, ती १९६७ च्या आवृत्तीत आली. त्या संकेतात कॅपिटल एसचा क्रमांक ८३ आणि स्मॉल एसचा ११५. प्रत्येक जोडीत अंतर ३२ चे. माणसाला ती एकाच अक्षराची दोन रूपे वाटतात. संगणकाला ती ‘क’ आणि ‘ख’ इतकीच वेगळी.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचे आहे. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. सेवाग्रामच्या आश्रमात चरख्यावर कातले जाते ते दुसरे. उच्चारात फरक पुसट, वाक्यावरून आपण समजून घेतो. संगणक समजून घेत नाही आणि घाईत वाचणारा प्रोग्रामरही घेत नाही.

मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्याचे काय?

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते, तरी मराठी माध्यमातल्या मुलाचा विचार मराठीतच होतो. त्याने कॉमेंटही मराठीत लिहिली तर त्यात वावगे काही नाही. एआयसीटीईने २०२१-२२ पासून मराठीसह प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवण्यास मुभा दिली, तेव्हापासून तर त्याची गरजच आहे. वर्ध्यात बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि सेवाग्रामला बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था आहेत. तिथे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी अकरावी-बारावीपर्यंत तांत्रिक इंग्रजी फारशी पाहिलेली नसते.

पण मराठी कॉमेंटमध्ये एक गोष्ट हरवते. ‘रिकाम्या गाडीचे वजन, टाइप डबल’ असे देवनागरीत लिहिले, की डी लहान होता की मोठा हे कायमचे गेले. चुकीचे लिहिण्याचीही संधी उरली नाही. माहितीच नाहीशी झाली. टाइपच्या नावाचे भाषांतर केले तर अवस्था त्याहून वाईट. स्ट्रिंगला ‘अक्षरमाला’ म्हटले की वाचणाऱ्याने आधी ते परत इंग्रजीत न्यायचे आणि मग एस कोणता हे अंदाजाने ठरवायचे.

लिपीचे नियम हा विषय वर्ध्याला नवा नाही. १९३६ मध्ये इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काका कालेलकर, विनोबा अशी नागरी लिपीच्या सुधारणेचा ध्यास घेतलेली माणसे याच परिसरात वावरली. समितीच्या हिंदी प्रकाशनांत ‘इ’ आणि ‘उ’ ऐवजी ‘अि’ आणि ‘अु’ छापले जात. आजही जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात अशी पाने सापडतात आणि नवा वाचक ती मुद्रणदोष समजतो. त्या खटपटीमागे छपाईचे खिळे आणि टंकयंत्राच्या कळा कमी करण्याचा विचार होता. त्या वेळी देवनागरीची अडचण होती चिन्हे जास्त असण्याची. इंग्रजीतल्यासारखी अक्षरांची दुसरी जोडी तिच्यात नाही, हे तेव्हा सोयीचेच होते. तीच गोष्ट आता कोडच्या दुनियेत वेगळ्या तऱ्हेने आडवी येते.

किती आडवी, हे गूगलच्या गो या भाषेत पाहण्यासारखे आहे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेत कॅपिटल अक्षर हा शिष्टाचार नाही, कायदा आहे. नावाचे पहिले अक्षर कॅपिटल असेल तर ते बाहेरच्या प्रोग्रामला वापरता येते. नसेल तर ते घरातल्या घरात राहते. म्हणून गोमध्ये स्ट्रिंग, इंट, बूल ही बिल्ट-इन नावे स्मॉल आहेत, आणि कॉमेंटमध्ये त्यांचे पहिले अक्षर कॅपिटल केले तर वाचणाऱ्याला ते कोणीतरी बनवलेले, बाहेर उघडे ठेवलेले वेगळेच नाव वाटते.

आता याच भाषेत मराठी नाव देऊन पाहा. ‘वजन’ चालते, ‘दर’ चालते. ‘भाव’ चालत नाही, ‘कापूस’ चालत नाही. कारण युनिकोडच्या हिशेबात ‘व’, ‘ज’, ‘न’ ही अक्षरे आहेत, पण काना, उकार, वेलांटी ही अक्षरे नाहीत, अक्षराला चिकटणारी चिन्हे आहेत, आणि गोने नावांमध्ये अशी चिन्हे वर्ज्य केली आहेत. बरे, ‘वजन’ चालले तरी ते बाहेर कोणाला देता येत नाही. बाहेर जायला कॅपिटल अक्षर हवे आणि ‘व’ कॅपिटलही नाही, स्मॉलही नाही. युनिकोडने त्याला ‘इतर अक्षर’ या खान्यात टाकले आहे. त्यावर उपाय काय, तर नावाच्या आधी एखादे इंग्रजी कॅपिटल अक्षर, जसे एक्स, जोडायचे. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत देवनागरीचे नाव घेऊन ही मर्यादा कबूल केलेली आहे. पायथॉन ३ मात्र ‘भाव’ आणि ‘कापूस’ दोन्ही नावे घेतो, काना-मात्रेसकट.

मग लिहावे कसे?

याचे सर्वांत नेमके उत्तर पायथॉनच्या पीईपी ८ या २००१ पासूनच्या लेखनसंकेतात मिळते. कॉमेंट पूर्ण वाक्यात लिहावी आणि वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करावे, असे तो सांगतो. पण पहिलाच शब्द कोडमधले नाव असेल आणि ते स्मॉल अक्षराने सुरू होत असेल, तर त्याला हात लावायचा नाही. इंग्रजी व्याकरण मोडले तरी चालेल, नाव बदलता कामा नये. ज्यांना असे वाक्य डोळ्याला खुपते, त्यांनी शब्दांची जागा बदलावी; नाव वाक्याच्या मध्ये घेतले की भांडणच मिटते.

दुसरी सवय म्हणजे नाव आणि कल्पना वेगळी ठेवणे. ‘इथे मजकूर द्यावा’ एवढेच सांगायचे असेल तर टाइपचे नाव घेण्याचे कारण नाही, साधा शब्द पुरतो. टाइपच सांगायचा असेल तर तो कोडमध्ये जसा आहे तसा आणि कोडच्या खुणेत लिहावा. जावाडॉकमध्ये त्यासाठी कोड नावाचा टॅग आहे. मार्कडाउनमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना उलटे अवतरणचिन्ह देतात. जावामध्ये २०२४ च्या २३व्या आवृत्तीपासून डॉक कॉमेंटमध्येही मार्कडाउन चालते. ही खूण असली की वाचणाऱ्याला कळते, हे इंग्रजीचे कॅपिटल नव्हे, भाषेतले नाव आहे.

बूलियन या शब्दाबाबत ही खूण विशेष उपयोगी पडते. तो शब्द जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या आडनावावरून आला आहे, म्हणून इंग्रजी वाक्यात बी कॅपिटल लिहिण्याची रीत आहे. कोडमध्ये मात्र बहुतेक ठिकाणी बी स्मॉल. कॉमेंटमध्ये खूण न करता कॅपिटल बी लिहिला, तर तो गणितज्ञाच्या मानाचा की जावातल्या जोडीदार टाइपचा, हे सांगणे कठीण.

मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्याने वाक्य मराठीत ठेवावे आणि टाइपचे नाव तेवढे रोमन लिपीत, आहे त्या अक्षरांत ठेवावे. दोन लिप्या एका ओळीत आल्याने काही बिघडत नाही. औषधांच्या चिठ्ठीपासून बँकेच्या पासबुकापर्यंत हेच चालते. जिथे रिकामे असण्याला अर्थ आहे, तिथे केवळ अक्षरावर भिस्त ठेवू नये. ‘वजन झाले नसल्यास नल’ असे चार शब्द जास्तीचे लिहिले, की डी कोणताही वाचला तरी काट्यावरची पावती चुकत नाही.

मोबाइल आणि वर्डची लुडबुड

कित्येक चुका माणसाच्या नसतातच. मोबाइलवर कोड लिहून सराव करणारे विद्यार्थी आता बरेच आहेत. कीबोर्डमधील ‘ऑटो कॅपिटलायझेशन’ चालू असेल तर नव्या ओळीवरचा पहिला शब्द तो आपण होऊन कॅपिटल करतो. कोडमध्ये हे झाले तर कम्पायलर अडवतो, कॉमेंटमध्ये झाले तर ते तसेच राहते.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा त्रास जास्त दिसतो. फंक्शनची नावे, टाइप आणि माहिती यांचा तक्ता वर्डमध्ये केला जातो, आणि तक्त्याच्या प्रत्येक चौकटीतले पहिले अक्षर वर्ड कॅपिटल करते. टाइपच्या रकान्यात प्रत्येक चौकटीत एकच शब्द असतो, तो म्हणजे टाइपचे नाव. त्यामुळे संपूर्ण रकाना एका झटक्यात चुकतो आणि दिसायला मात्र नीटनेटका दिसतो. पुढे तोच तक्ता पाहून कोणी कॉमेंट लिहिली की चूक कोडशेजारी जाऊन बसते. हे टाळायचे तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने जाऊन तक्त्याच्या चौकटीतले पहिले अक्षर कॅपिटल करण्याच्या पर्यायापुढची खूण काढावी लागते. मोबाइलवर हीच सोय कीबोर्डच्या सेटिंगमध्ये, मजकूर दुरुस्तीच्या भागात असते. तिथली कळ एकदा बंद केली, की पुढे मित्राला पाठवलेले इंग्रजी निरोपही स्मॉल अक्षराने सुरू होतात, एवढाच तोटा.